नाडी न पाहता दिलेलं औषध

‘डॉक्टरांनी नुसतं फोनवर बोलून, अंगाला हातही न लावता औषध लिहून दिलं, तर ते घ्यावं का? हे शास्त्रात तरी बसतं का?’ सांगलीच्या एका वाचक बाईंचा हा प्रश्न. करोनाच्या साथीत घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची सवय बऱ्याच जणांना लागली, आणि तेव्हापासून दुरून उपचार ही जणू आपल्याच शतकाची करामत आहे असं जाहिराती सांगत सुटल्या आहेत. हा दावा साफ खोटा आहे. दुसऱ्या शतकात रोममधला गेलन दूरच्या प्रांतांतल्या, कधी नजरेसही न पडलेल्या डोळ्यांच्या रुग्णांना पत्रानं उपचार सांगत असे. आणि अठराव्या शतकात तर युरोपातल्या नामवंत डॉक्टरांचा निम्मा दिवस टपालातच जायचा. त्यातला माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे एडिनबराचे विल्यम कलेन.

कलेन (१७१०–१७९०) आधी ग्लासगोत आणि मग एडिनबरात प्राध्यापक होते. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ईथरचं बाष्पीभवन घडवून त्यांनी बर्फ तयार केला होता. आपल्या फ्रिजच्या घराण्याचे ते मूळपुरुष, पण फ्रिजच्या इतिहासात त्यांचं नाव फार थोड्यांना आठवतं. त्यांच्या स्वतःच्या काळात मात्र त्यांची ख्याती होती ती डॉक्टर म्हणून. स्कॉटलंडच्या कानाकोपऱ्यातून, इंग्लंडमधून आणि समुद्रापारहून त्यांना रुग्णांची पत्रं यायची. कधी स्वतः रुग्ण लिही, कधी त्याचा नवरा, बाप किंवा भाऊ, तर पुष्कळदा गावातला सर्जन आपल्या हाताबाहेर गेलेली केस सविस्तर लिहून काढी. पाच हजारांहून अधिक कागदांचा हा पत्रव्यवहार एडिनबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जपून ठेवला आहे.

कलेनच्या उत्तरांत औषधं असतातच, पण जास्त जागा खातो तो दिनक्रम. काय खावं, दारू किती कमी करावी, फ्लॅनेलचे कपडे कधी घालावेत, गारठ्यापासून कसं जपावं, घोड्यावरून फेरफटका किती मारावा, झोपायचं कधी. आपल्या वैद्यांचा पथ्यावरचा भर आठवावा असं हे लिखाण आहे. खर्चिक सल्ला अर्थातच ज्यांना परवडे त्यांनाच मिळे, हेही विसरता येत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. माणूस न पाहता औषध देणं त्या काळी बेजबाबदारपणाचं का वाटत नव्हतं? कारण समोर बसलेल्या रुग्णाकडे पाहून तरी डॉक्टरला जास्तीचं काय कळत होतं? नाडी, जीभ, चेहऱ्याचा रंग, लघवीचं रूप, बस्स. रक्तदाब मोजता येत नव्हता, रक्ताची तपासणी नव्हती, ताप थर्मामीटरनं मोजायची रीत रुळली नव्हती. सभ्य घरातल्या रुग्णाचं अंग चाचपणं तर शिष्टसंमतच नव्हतं. निदानाचं मुख्य साधन होतं रुग्णाची हकिगत, आणि ती कागदावरून येते तशीच तोंडून येते. किंबहुना कागदावर जरा जास्त नीट येते, कारण लिहिताना माणूस आठवतो, क्रम लावतो, कालचं आणि गेल्या वर्षीचं वेगळं ठेवतो. १७६९ साली कलेननी रोगांचं जे प्रसिद्ध वर्गीकरण छापलं, ते प्रामुख्यानं लक्षणांवर आधारलेलं होतं. ‘न्यूरोसिस’ हा शब्दही त्यांचाच.

नीट लिहिता न येणाऱ्यांचं काय? त्याची तोड लोझानचे डॉक्टर सॅम्युएल तिसो यांनी काढली. सामान्य लोकांच्या आरोग्यावरचं त्यांचं १७६१ चं पुस्तक युरोपभर खपलं. डॉक्टरला पत्र लिहिणाऱ्यानं कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, याची यादीच त्यात दिलेली आहे. वय किती? एरवी प्रकृती कशी असते? आजार कधीपासून आणि कसा सुरू झाला? ताप आहे का, नाडी कशी लागते? तहान, भूक, झोप, शौच? दुखतं ते नेमकं कुठे? बाईमाणूस असेल तर पाळी, गरोदरपण. मूल असेल तर दात आणि जंत. आज ॲपवर नंबर लावताना भरायचा फॉर्म याहून फार वेगळा नसतो. उलट तिसोंचा बराच बारकाईचा आहे.

कलेनकडे परत येतो, कारण त्यांच्या पत्रांतली मला सर्वांत मोहवणारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. आलेली पत्रं उरणं समजू शकतं. पण कलेननी पाठवलेली उत्तरं आज आपल्याला वाचायला कशी मिळतात? ती तर रुग्णांच्या घरी गेली. रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा लिहील, तेव्हा आपण काय सांगितलं होतं ते समोर असावं म्हणून कलेन प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवत. आधी हे काम लेखनिक हातानं करी. १७८१ पासून ते यंत्र करू लागलं, आणि ते यंत्र होतं वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचं.

धंद्याच्या पत्रांच्या नकला करून वॉट वैतागले होते. त्यांनी एक विशेष शाई बनवली. तिनं लिहिलेल्या पत्रावर, ते ताजं असतानाच, अतिशय पातळ ओलसर कागद ठेवायचा आणि दाबयंत्रातून काढायचा. ओल्या मेंदीचा तळवा दुसऱ्या हातावर टेकला की उलटी नक्षी उठते, तशी थोडी शाई पातळ कागदावर उठायची. अक्षरं उलटी, पण कागद इतका झिरझिरीत की मागच्या बाजूनं वाचली की सुलटी. लिहिल्यापासून चोवीस तासांच्या आत हे करावं लागे. १७८० मध्ये वॉटना त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी, १७७९ मध्येच, त्यांनी ही युक्ती पत्रानं कुणाला कळवली होती? जोसेफ ब्लॅक यांना. अप्रकट उष्णतेचा शोध लावणारे ब्लॅक हे वॉटचे मित्र, आणि ग्लासगोत कलेनच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकलेले त्यांचे लाडके विद्यार्थी! शिक्षक, त्याचा विद्यार्थी, विद्यार्थ्याचा मित्र, आणि त्या मित्राचं यंत्र शेवटी शिक्षकाच्या टेबलावर. वॉटचं नाव निघालं की सगळे इंजिनाबद्दलच बोलतात. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासावर त्यांचे मोठे उपकार आहेत ते या दाबयंत्रामुळे. संवादाची दोन्ही टोकं हाती लागावीत, असा त्या काळातला इतका मोठा साठा फार विरळा.

या पद्धतीची मर्यादा कुठे होती हेही कलेनच्याच एका केसवरून दिसतं. मार्च १७८४. इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते सॅम्युएल जॉन्सन चौऱ्याहत्तर वर्षांचे, लंडनमध्ये घरातच अडकून पडलेले. दम लागतो, अंगात पाणी साठलंय. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल तेव्हा एडिनबरात होते. त्यांनी कलेन आणि शहरातल्या इतर नामांकित डॉक्टरांना पत्रं धाडली आणि प्रत्येकाचं उत्तर आलं. सल्ला विचारपूर्वक होता, आणि लघवी वाढवणारा रानकांदा जॉन्सन घेतही होते. १३ डिसेंबरला ते गेले. शवविच्छेदनात छाती उघडली तेव्हा एरवी आक्रसणारी फुप्फुसं फुगलेलीच राहिली. हृदय प्रचंड वाढलेलं, एक मूत्रपिंड जवळपास निकामी. शरीरशास्त्रज्ञ मॅथ्यू बेली यांच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहातलं फुगलेल्या फुप्फुसाचं चित्र जॉन्सन यांचंच असल्याचं मानलं जातं.

हे आतलं सगळं कितीही सुंदर पत्र लिहून कळणारं नव्हतं. पण लक्षात घ्या, लंडनमध्ये उशाशी बसलेल्या डॉक्टरांनाही ते कळलं नव्हतं. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची रीत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्येच छापली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक यांनी कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. तिथून पत्रोपचार मागे पडत गेला, कारण आता रुग्णाला स्वतःला ठाऊक नसलेलं काहीतरी डॉक्टरला ऐकू येऊ लागलं होतं.

म्हणून बाईंना माझं उत्तर असं: जुन्या मधुमेहाच्या औषधाची मात्रा, पुरळ, अपचन, आधीच्या रिपोर्टवरची चर्चा यांसाठी फोन पुरतो. दम लागत असेल, छातीत किंवा पोटात जोराचं दुखत असेल, तर दवाखान्यात जाऊन तपासूनच घ्यायला हवं. आणि फोनवर बोलण्याआधी हकिगत कागदावर उतरवून ठेवा, तारखांसह. टेलिमेडिसिनचा गाजावाजा करणारे कॅमेरा आणि वेगाबद्दल बोलतात. रुग्णाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला किती मिनिटं दिली जातात, याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. कलेनचा सगळा पत्रव्यवहार ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवला आहे. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी त्यातली निदान दहा पत्रं वाचावीत. आधी रुग्णाचं पत्र वाचावं, आपलं निदान वहीत लिहावं, आणि मगच कलेनचं उत्तर उघडावं.