आठ बिटांचा दुसरा डाव

सप्टेंबर २००८. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवर गेममधल्या सैनिकाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसायला लागला होता, आणि नेमक्या त्याच यंत्रांसाठी कॅपकॉम या जपानी कंपनीनं 'मेगा मॅन ९' बाजारात आणला. मोजके रंग, ठसठशीत चौकोनी ठिपके, पिपाणीच्या सुरातलं संगीत. सगळा थाट निन्टेन्डोच्या १९८०च्या दशकातल्या आठ-बिटी एनईएसचा. त्या जुन्या यंत्राला एका आडव्या रेषेत आठच आकृत्या दाखवता यायच्या. गर्दी वाढली की आकृत्या आळीपाळीनं लुकलुकायच्या. 'मेगा मॅन ९'मध्ये ही लुकलुकसुद्धा हवी तर चालू करता येत होती. जुन्या यंत्राची खोड नव्या यंत्राला मुद्दाम लावलेली! हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे होतं, सुमारे दहा डॉलर.

जुन्या धाटणीचे गेम त्याआधी आलेच नव्हते असं नाही. जपानमधल्या डायसुके अमाया यांनी एकट्यानं बनवलेला 'केव्ह स्टोरी' २००४ साली फुकट वाटला गेला होता. पॅक-मॅनचे जनक तोरू इवातानी यांनी २००७ मध्ये आपल्या पिवळ्या गोळ्याला 'पॅक-मॅन चॅम्पियनशिप एडिशन'मध्ये नवा वेग दिला होता. पण मोठ्या कंपनीनं आपल्याच मालिकेचे काटे उघडपणे मागे फिरवले ते 'मेगा मॅन ९'मध्ये. मधल्या भागांत नायकाला मिळालेली घसरत जाण्याची आणि दाबून धरून मोठी गोळी सोडण्याची कलाही काढून घेतली गेली.

हे तेव्हाच का घडलं, याचं उत्तर बरंचसं दुकानदारीत आहे. १९९४च्या अखेरीस प्लेस्टेशन आलं आणि त्रिमितीची लाट उसळली. सपाट, आडव्या सरकणाऱ्या गेमला दुकानाच्या फळीवर जागा मिळेना. पूर्ण किमतीच्या डबीत असा गेम विकायचा कसा? २००५ नंतर गेम यंत्रावर थेट डाउनलोड करून विकायची सोय झाली, डबी गेली, फळी गेली, आणि छोट्या गेमला छोटी किंमत लावता येऊ लागली. गंमत अशी की जुन्या रूपाला वाट मिळाली ती अगदी नव्या तंत्रामुळे.

तरीही 'मेगा मॅन ९' ही मला नक्कलच वाटते. उत्तम नक्कल, पण नक्कल. खरा कस लागला तो २०१३ नंतर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या यॉट क्लब गेम्स या छोट्या चमूनं किकस्टार्टरवर लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले. मिळाले तीन लाख अकरा हजारांवर. त्यातून जून २०१४ मध्ये आला 'शॉव्हल नाइट'. तलवारीऐवजी फावडं घेतलेला सरदार, आणि शत्रूच्या डोक्यावर फावडं टेकवून उसळी मारायची त्याची लकब. ही लकब थेट कॅपकॉमच्या १९८९ मधल्या 'डकटेल्स'मधून आलेली. तिथे अंकल स्क्रूज आपल्या काठीवर असाच टुणटुणत असे. (आपल्याकडे हे म्हातारबुवा लोकांना आठवतात ते दूरदर्शनवरच्या रविवारच्या कार्टूनमुळे.)

'शॉव्हल नाइट' पाहणाऱ्याला तो एनईएसवरचाच वाटतो. तसा तो नाही. पडदा आजच्या टीव्हीइतका रुंद आहे. जुन्या यंत्रात पन्नासेक रंग होते आणि एका आकृतीला त्यातले तीनच मिळत. या मंडळींनी चार-दोन रंग पदरचे घातले आणि तीनची मर्यादाही गरजेनुसार मोडली. लुकलुक तर सरळ काढूनच टाकली. तीन लाइफ संपल्या की पहिल्यापासून सुरुवात, ही जुनी शिक्षाही गेली. त्याऐवजी मेलात की थोडं सोनं सांडतं, परत तिथवर पोचलात तर उचलता येतं. ही युक्ती २०११च्या 'डार्क सोल्स'ची. वाटेतले विसाव्याचे दिवे फोडले तर खजिना मिळतो, पण मग मेल्यावर मागच्या दिव्यापासून यावं लागतं. म्हणजे खेळ किती अवघड हे खेळणाऱ्यानं आपणच ठरवायचं. संगीतात मात्र त्यांनी कसूर केली नाही. जेक कॉफमन यांनी सगळ्या धून जपानी यंत्राच्या कॅसेटमध्ये कोनामी कंपनी जी जादा ध्वनिचिप घालत असे तिच्या मर्यादेत बसवल्या, आणि दोन धून तर पहिल्या 'मेगा मॅन'च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांच्याकडूनच करून घेतल्या.

कुठे खरं वागायचं आणि कुठे खुशाल लबाडी करायची, याची ही जाण म्हणजेच या दुसऱ्या डावातलं खरं कसब. कारण आपल्याला आठवतो तसा जुना गेम कधी दिसतच नव्हता. तो काचेच्या फुगीर टीव्हीसाठी काढलेला असे. त्या पडद्यावर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत, कडा मऊ होत. 'कॅसलव्हानिया: सिम्फनी ऑफ द नाइट'मधल्या (१९९७) ड्रॅक्युलाच्या डोळ्याला चित्रकारानं एक लाल ठिपका दिला होता, जुन्या टीव्हीवर तो निखाऱ्यासारखा चमके, आजच्या सपाट पडद्यावर तो नुसता लाल चौकोन असतो. धारदार चौकोनांनाच आपण 'जुनं' म्हणायला लागलो ते नंतर. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तर मूळ एनईएस पोचलाच नाही. पोचल्या त्याच्या स्वस्त नकला. एका पिवळ्या कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याची थाप, 'मारिओ', 'कॉन्ट्रा', आणि कॅसेट चालेना की तिच्यात मारलेली फुंकर. म्हणजे आपली आठवणसुद्धा नकलेचीच.

'शॉव्हल नाइट'साठी पैसे मागितले गेले त्याच वर्षी, २०१३ मध्ये, आणखी एकानं लोकांपुढे झोळी पसरली. केइजी इनाफुने, मेगा मॅन मालिकेचा चेहरा मानले जाणारे निर्माते, कॅपकॉम सोडून आलेले. त्यांच्या 'मायटी नंबर ९'ला एकट्या किकस्टार्टरवर ३८ लाख डॉलर मिळाले. तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, आणि २०१६ मध्ये आलेला गेम फिका, निर्जीव निघाला. यॉट क्लबच्या दहापटीहून जास्त पैसा, वर मूळ माणूस. तरी गाडी रुळावर आली नाही. मूळ माणसाकडून हे होतच नाही असंही म्हणता येत नाही. 'सिम्फनी'वाल्या कोजी इगाराशींनी ५५ लाख डॉलर जमवून 'ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट' काढला. आधीची चित्रं पाहून लोकांनी नाकं मुरडली, तर त्यांनी ती सुधारून घेतली, आणि २०१९ चा तो गेम चांगलाच जमला.

पण या काळातली माझी आवडती गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ख्रिश्चन व्हाइटहेडची. सेगा कंपनीच्या 'सोनिक' मालिकेच्या या चाहत्यानं स्वतःचं इंजिन लिहून 'सोनिक सीडी' आयफोनवर चालवून दाखवला. सेगानं त्याला हाकललं नाही, काम दिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यानं इतर चाहत्यांना सोबत घेऊन 'सोनिक मेनिया' बनवला. ओळखीची हिरवी टेकडी सुरुवातीला आठवते तशीच पळते, आणि तिच्या दुसऱ्या भागात रस्ते अनोळखी होतात. समीक्षकांनी कित्येक वर्षांतला सर्वोत्तम सोनिक म्हणून तो उचलून धरला. तीनच महिन्यांनी सेगाच्या स्वतःच्या चमूचा 'सोनिक फोर्सेस' आला, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

निन्टेन्डोचा खाक्या निराळा. अर्जेन्टिनातल्या मिल्टन ग्वास्ती यांनी 'मेट्रॉइड २'ची नवी आवृत्ती वर्षानुवर्षं खपून पूर्ण केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट दिली. काही दिवसांतच वकिली नोटिसा निघाल्या आणि ती ठिकठिकाणांहून उतरवली गेली. पुढल्याच वर्षी निन्टेन्डोनं त्याच गेमची आपली आवृत्ती विकायला काढली. कायदा निन्टेन्डोच्या बाजूनं होता, हे खरंच. ग्वास्ती पुढे 'ओरी' मालिका करणाऱ्या स्टुडिओत कामाला लागले.

मालकीचा हा तिढा टाळणारे पुढे भरपूर निघाले. सिअ‍ॅटलच्या एरिक बॅरोननं 'हार्वेस्ट मून'चं नाव न घेता त्याची शेतीवाडी एकट्यानं उभी केली. २०१६ चा तो 'स्टारड्यू व्हॅली' चार कोटींवर प्रतींना गेला. २०२४ मधला 'यूएफओ ५०' तर त्याच्याही पुढे. त्यात १९८०च्या दशकातल्या एका कंपनीचे पन्नास गेम आहेत, आणि ती कंपनी कधी अस्तित्वातच नव्हती.

उरले ते मालकीत अडकलेले. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्याच्याभोवती पोरांची झुंबड उडायची तो 'मुस्तफा', म्हणजे कॅपकॉमचा १९९३ मधला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्याच मारामारीच्या जातीचा 'स्ट्रीट्स ऑफ रेज' २६ वर्षांनी, २०२० मध्ये, हातानं काढलेल्या देखण्या चित्रांत चौथ्या भागासह परतला. मुस्तफा नाही परतला. त्याचा गेम मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला, म्हणजे त्यातली पात्रं एकट्या कॅपकॉमच्या मालकीची नाहीत. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेम्सचा संच काढला. त्यातही तो नव्हता, आणि आजवर तो घरच्या कुठल्याच यंत्रावर अधिकृतपणे आलेला नाही.