थंडीत गप्प होणारा कार स्टीरिओ

कार स्टीरिओ थंडीत बंद पडतो तेव्हा दोष बहुधा सेटला मिळणाऱ्या विजेत असतो किंवा सेटच्या आतल्या सर्किटमध्ये. दोन्हींतला फरक ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे सेट पुन्हा केव्हा वाजू लागतो ती वेळ. इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभरात आवाज परतला, तर बॅटरी आणि वायरिंग तपासावे. इंजिन चालू असूनही सेट गप्प राहिला आणि गाडी आतून उबदार झाल्यावरच वाजू लागला, तर दोष आत आहे. ही साधी पारख न करता नवा सेट घेतला की पैसे वाया जाण्याचा संभव मोठा, कारण तोही त्याच दुबळ्या बॅटरीवर चालायचा असतो.

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्याने सेल्फ मारताना जास्त करंट लागतो. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी एरवी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. थकलेल्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना 10 व्होल्टच्याही खाली जातो आणि सेट बंद होतो किंवा नव्याने सुरू होतो. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर हा दाब 14 व्होल्टच्या आसपास नेतो.

मोजमाप सेटच्या मागच्या जोडणीवरच घ्यावे. बहुतेक सेटमध्ये पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची, लाल किल्लीबरोबर सुरू होणारी आणि काळी अर्थची असते. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात. बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज ठीक आणि सेटपाशी कमी, असे दिसले तर फ्यूज, जोड आणि अर्थ पाहावे. बाहेरून बसवलेल्या सेटच्या वायरी पुष्कळदा नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली असते. असा जोड थंडीत आकसून सैल पडतो. सेट मोठ्या आवाजात वाजत असताना काळी वायर आणि बॅटरीची ऋण बाजू यांत 0.2 व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज आणि रंग खरवडावा.

सेटच्या आतला सर्वांत फसवा दोष म्हणजे सोल्डरच्या टाक्यातली केसासारखी चीर. तापमान बदलले की तांबे, सोल्डर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात. वर्षानुवर्षे हे चालले की टाका पिनभोवती गोल तडकतो. उबेत चीर मिटते, गारठ्यात उघडते. पुरवठ्याचा सॉकेट, अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी आणि रेग्युलेटर यांचे टाके आधी भिंगाखाली पाहावेत. दुसरा संशयित कंडेन्सर. त्यातला द्राव थंडीत घट्ट होतो, अंतर्गत रोध वाढतो. जुना, सुकत आलेला कंडेन्सर मग कामच करत नाही. स्पीकरमधली घरघर किंवा सेटचे वारंवार चालू-बंद होणे ही त्याची लक्षणे.

नेमका भाग शोधण्यासाठी कारागीर थंड करणारा स्प्रे एकेका भागावर मारतात आणि हेअर ड्रायरने तोच भाग हलका तापवतात. ज्या भागावर सेट लगेच बंद-चालू होतो, तो दोषी. तडकलेला टाका फ्लक्स लावून ताज्या सोल्डरने पुन्हा वितळवावा. कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त असावे आणि धन-ऋण बाजू उलटू नये.

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे 10 अंशांच्याही खाली जातो. तिथे पडद्यावरची अक्षरे संथ उमटणे हा बिघाड नव्हे, कारण द्रवस्फटिकच थंडीत जड होतात. सीडीच्या भिंगावर दव धरले तर ते सुकेपर्यंत थांबावे. निफाडच्या कडाक्यात मात्र पाच-सहा अंशांना धडधाकट सेटने थांबायला नको; तिथे सेट बंद पडला तर दोष आधीपासून होता, थंडीने तो उघड केला इतकेच.

सेट काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडवावी. त्याआधी सेटला कोड असल्यास तो लिहून ठेवावा. दुकानाच्या उबदार टेबलावर असा सेट बहुतेक वेळा ठणठणीत वाजतो. म्हणून तो देताना दोष फक्त थंडीत दिसतो हे कारागिराला स्पष्ट सांगावे आणि सेट गार करूनच तपासायला लावावा.