बाळंतपणाविना पान्हा

अलिबागच्या मासळीबाजारात कोणी बारकी मुशी मागितली, की वाटा लावणारी कोळीण हटकून विचारते, "घरान बालंतीन हाय का गो?" मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या कालवणाने बाळंतिणीला दूध येतं, ही समजूत किनाऱ्यावर घरोघरी आहे. याच कुळातल्या एका माशाला इंग्रजीत 'मिल्क शार्क' म्हणतात, आणि ते नाव भारतातल्या या समजुतीवरूनच पडलं. पण समजा, मुशी न्यायला आलेल्या बाईच्या घरी बाळ येणार आहे आणि बाळंतीण मात्र कोणीच नाही. बाळ दत्तक येतंय, किंवा सरोगसीने व्हायचंय, किंवा बहीण बाळंतपणात गेली आणि तिचं लेकरू मावशीच्या कुशीत आलंय. या बाईला पान्हा फुटेल का?

फुटू शकतो. हे आधीच सांगून टाकते, कारण डॉक्टरांना विचारायचं कसं, या संकोचातच बायका अडून राहतात.

दूध बनतं स्तनांतल्या ग्रंथींत आणि त्याचा हुकूम सुटतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून. बाळ ओढू लागलं की तिथून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन सुटतं. पहिल्याने दूध तयार होतं, दुसऱ्याने ते बाहेर येतं. गरोदरपणाचं काम त्याआधीचं: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नऊ महिने या ग्रंथी वाढवतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दुधाची वाट मोकळी होते. म्हणजे बाळंत न झालेल्या बाईपुढे दोन मार्ग उरतात. एक तर औषधांनी गरोदरपणाची नक्कल करायची, नाहीतर थेट ओढण्यावर भिस्त ठेवायची. कुठला घ्यायचा हे ठरवताना पहिला प्रश्न असतो तारखेचा. बाळ कधी हातात येणार, हे माहीत आहे का?

सरोगसीत ते माहीत असतं. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ जॅक न्यूमन आणि सरोगसीने आई झालेल्या लेनोर गोल्डफार्ब यांनी बसवलेली पद्धत अशाच बाईसाठी सोयीची आहे. साधारण सहा महिने आधीपासून, पाळीसाठीही खंड न पाडता गर्भनिरोधक गोळी, सोबत डॉम्पेरिडोन. बाळ यायच्या सुमारे सहा आठवडे आधी गर्भनिरोधक गोळी बंद, डॉम्पेरिडोन चालू, आणि दिवसरात्र दर तीन तासांनी पंप. ज्यांना रक्ताची गुठळी, स्तनाचा कर्करोग किंवा वाढलेला रक्तदाब आहे, त्यांना गर्भनिरोधक गोळी धोक्याची. डॉम्पेरिडोन आपल्याकडे उलटी-मळमळीवरचं ओळखीचं औषध, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि दूध वाढवण्यासाठी ते घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच इशारा दिला होता. मेडिकलवाल्याला विचारून ते सुरू करू नका. आधी डॉक्टर, ईसीजी, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. अचानक बंद करणंही वाईट.

दत्तकाची गोष्ट वेगळी. स्वतःहून बाळ सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिलेले आहेत, म्हणजे बाळ तेवढं मोठं होऊनच येणार. प्रतीक्षा वर्षानुवर्षं चालते, आणि एक दिवस दत्तकाचं काम पाहणाऱ्या 'कारा' या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर बाळाचा फोटो दिसला की होकार कळवायला ४८ तास. अशा बाईने सहा महिन्यांचं गणित कुठून मोजायचं? माझ्या मते तिने तारखेविना संप्रेरकांच्या वाटेला जाऊ नये. आठ-पंधरा दिवसांच्या सूचनेवरही हाताने आणि पंपाने ओढणं सुरू करता येतं, आणि बाकीचं काम बाळ करतं.

ते कसं, हे दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलं आहे. बाळंत न झालेल्या बायकांना त्यांनी दूध आणवलं होतं. बाटलीची सवय लागलेलं दोन-तीन महिन्यांचं बाळ कोरडा स्तन दोनदा ओढतं आणि रडून तोंड फिरवतं. म्हणून दवाखान्यात मिळणारी बारीक फीडिंग ट्यूब घ्यायची. एक टोक वरच्या दुधाच्या वाटीत, दुसरं चिकटपट्टीने स्तनाग्राच्या टोकाला. बाळ ओढतं स्तन, दूध येतं वाटीतून, आणि ओढण्याचा निरोप मात्र आईच्या मेंदूला पोचतो. वाटी वर धरली की दूध भराभर येतं, खाली घेतली की बाळाला जोर लावावा लागतो. सुरुवातीला वाटी खांद्याजवळ, मग हळूहळू मांडीजवळ. दिवसाला आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पहिले थेंब दिसायला काही आठवडे जातात. तोवर स्तन दाबून बघत बसलेल्या बाईजवळ घरातलं कोणीतरी बसायला हवं.

दूध किती येईल? बहुतेकींना पोट भरण्याइतकं येत नाही, वरचं चालूच ठेवावं लागतं. इथे फसगत होते. अंगावर पितंय या आनंदात वरचं दूध कमी केलं जातं, पाणी घालून पातळ केलं जातं, आणि बाळ सुकतं. विश्वास ठेवायचा तो वजनकाट्यावर. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी आणि सहा-सात वेळा तरी लघवी.

आणि मुशी? ती, अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरी, सगळ्यांत माया आहे. पण त्यांनी ग्रंथी उघडतात याचा भक्कम पुरावा नाही, आणि शार्कच्या अंगात पारा साठतो, म्हणून पाजणाऱ्या आईने ती टाळलेलीच बरी. त्यापेक्षा बांगडा-मांदेली खा.

दत्तक आईला आपण यशोदा म्हणतो. पण भागवतातली यशोदा त्या रात्री स्वतः बाळंत झालेली होती. आपल्या बाईच्या जास्त जवळच्या आहेत रामायणातल्या कृत्तिका. त्यांनी कार्तिकेयाला पाजलं, जन्म दिला नव्हता.

ज्या बाईला हे झेपणार नाही, किंवा करायचंच नाही, तिने कोणाच्या दबावाखाली येऊ नये. उघड्या छातीशी धरून वाटी-चमच्याने पाजलेलं बाळही तिचा वास ओळखायला शिकतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या घरभेटी बाळंतपणाच्या दिवसापासून मोजतात: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, असं करत बेचाळिसाव्यापर्यंत. या घरात बाळंतपण झालेलंच नाही. तेव्हा बाळ घरी आलं की त्याच आठवड्यात आशाताईंना स्वतः जाऊन सांगा, उपकेंद्रात नाव घाला, आणि पुढच्या लसीपर्यंत न थांबता दर आठवड्याला वजन करून मागा.