पिस्तूल नेमबाजी : डोळ्यापेक्षा बोटाचा सराव

ज्याचा हात दगडासारखा स्थिर राहतो तो उत्तम नेमबाज, असा समज सर्वसामान्य प्रेक्षकांत रूढ आहे. पिस्तूल नेमबाजी शिकू पाहणाऱ्या नवख्या खेळाडूचे या समजाने जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. सुमारे एक किलो वजनाचे शस्त्र एकाच हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता, खांद्याच्या रेषेत धरले की ते हालतेच. आंतरराष्ट्रीय पदके मिळविणाऱ्यांच्या हातातही ते हालते. खरा फरक पडतो तो चापावरील बोटात, आणि त्या बोटाला वळण लावण्याचे बहुतेक काम एकही छर्रा न उडविता होत असते.

महाराष्ट्राला नेमबाजीचे यश नवे नाही. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांनी रायफल प्रकारात राज्याचे नाव जगभर नेले. २०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. पिस्तुलाच्या क्षेत्रात कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ साली जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या यशानंतर हातात पिस्तूल घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची उत्सुकता वाढली, हे स्वाभाविकच आहे. परंतु परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल लाखाहून अधिक किमतीला पडते, छर्ऱ्यांचा खर्च वेगळा, आणि प्रत्येक तालुक्याला नेमबाजीचे मैदान नाही. म्हणूनच कमी खर्चात काय साधता येते, हे नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

एका मिलिमीटरचा हिशेब

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यफलकावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरने पुढे सरकते. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर एक चौकोनी उंचवटा असतो, त्यास माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसली, तिच्या दोन्ही अंगांस सारख्याच रुंदीच्या प्रकाशरेषा राहिल्या आणि दोहोंचे माथे एका पातळीत आले, म्हणजे नेम जुळला.

आता दोन चुकांची तुलना करून पाहावी. माशी व खाच यांत सुमारे तीस सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तेहतीस मिलिमीटर बाजूला जातो आणि हाती सहा गुण पडतात. उलट नेम जुळलेलाच राहिला व सबंध हात एक सेंटिमीटर, म्हणजे दहापट अधिक, बाजूला सरकला, तरी छर्रा तेवढाच एक सेंटिमीटर सरकतो आणि नऊ गुण मिळतात. हात हालणे ही लहान चूक आहे. मनगटातून पिस्तुलाचा कोन बदलणे ही मोठी चूक आहे. नवखा खेळाडू पहिल्या चुकीशी झुंजत राहतो आणि त्या धडपडीत दुसरी करून बसतो.

हा कोन बदलतो तो बहुधा चाप ओढताना. एअर पिस्तुलाचा चाप नियमानुसार किमान ५०० ग्रॅम भार पेलणारा असावा लागतो. एक किलोच्या वस्तूवर, तीही लांब केलेल्या हाताच्या टोकाशी, बोट अर्ध्या किलोचा जोर लावते. तो जोर सरळ मागे लागला नाही, अथवा ‘आता दहा दिसले’ असे वाटून एकदम लागला, तर माशी एका क्षणात खाचेतून उडते. काळ्या वर्तुळाकडे टक लावून बसलेल्या खेळाडूला ते दिसतही नाही. मानवी डोळा जवळची व दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. त्यामुळे नजर माशीवर ठेवावी, लक्ष्य धूसर दिसू द्यावे, हा या खेळाचा पहिला नियम होय. तो सांगायला सोपा आहे. पाळायला महिने लागतात.

छर्ऱ्याविना सराव

नेमबाजांच्या बोलीत यास ‘ड्राय’ म्हणतात. खेळाडू पांढऱ्या भिंतीसमोर किंवा कोऱ्या कागदासमोर उभा राहतो. पिस्तूल रिकामे असते. तो हात उचलतो, माशी जुळवितो, चाप दाबतो आणि ‘टक्’ असा आवाज होताना माशी हालली काय, एवढेच पाहतो. समोर वर्तुळ नसल्याने नजर पळण्यास जागा उरत नाही. धक्का बसत नाही, गुण मोजावयाचे नसतात, म्हणून बोटाची खोडी उघडी पडते. चाप मोडल्यावरही दोन-तीन सेकंद त्याच स्थितीत राहून माशीकडे पाहत राहावे. घाईने हात खाली आणण्याची सवय लागली की ती पुढे छर्रा सुटण्यापूर्वीच डोके वर काढते. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत हवा न सोडता चाप चालविण्याची सोय असते. पॉइंट बावीसच्या पिस्तुलात मात्र रिकाम्या नळीवर आघात होऊन शस्त्र बिघडू शकते, तेव्हा नकली काडतूस घालूनच हा सराव करावा.

घरी ड्राय करताना सुरक्षिततेत तडजोड चालणार नाही. खोलीत छर्रे ठेवू नयेत, प्रारंभी नळी दोनदा तपासावी, पलीकडे माणसांची वर्दळ नसलेल्या भिंतीकडेच तोंड असावे, आणि नेम जुळेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. मैदानावर वापरात नसलेल्या पिस्तुलाच्या नळीत रंगीत दोरी घातलेली असते. घरातही तीच शिस्त असावी.

उभे राहण्याची रीत याच सरावात बसवून घ्यावी. पाय खांद्यांच्या रुंदीइतके अंतरावर, मान ताठ, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात. मग डोळे मिटून हात उचलावा, तो आपोआप जेथे स्थिरावेल तेथे स्थिरावू द्यावा आणि डोळे उघडावेत. माशी लक्ष्याच्या डावीउजवीकडे असेल तर हात वळवू नये, मागचा पाय किंचित सरकवावा. हाताने ओढून आणलेला नेम थकव्याबरोबर आपल्या मूळ जागी परत जातो. मूठ आवळावी ती मधल्या बोटांनी, पुढून मागे. अंगठा सैल असावा. तर्जनी मुठीपासून स्वतंत्र राहिली पाहिजे. सबंध पंजा आवळून चाप ओढणाऱ्याचे छर्रे एकाच बाजूला खाली जाताना दिसतात.

ताकदीसाठी पिस्तूल तीस सेकंद धरावे, मिनिटभर विश्रांती घ्यावी, असे काही वेळा करावे. उत्साही पालक येथे हमखास अतिरेक करतात. वाढत्या वयाच्या मुलांचा खांदा, कोपर आणि मनगट यांवर हा भार थेट येतो. दुखू लागले की थांबावे. अगदी लहानांना आरंभी टेबलावर आधार घेऊन केवळ माशी व चाप शिकविणे अधिक श्रेयस्कर.

सर्वांत दुर्लक्षित सराव आहे तो शॉट सोडून देण्याचा. हात स्थिरावल्यापासून सहा ते आठ सेकंदांत चाप मोडला नाही, तर डोळा थकतो, श्वास कोंडतो आणि हालचाल वाढते. अशा वेळी हात खाली घेणे हेच शहाणपणाचे. पण इतका वेळ धरले ते वाया कसे घालवावे, या लोभाने खेळाडू चाप ओढतो आणि सात गुण पदरात घेतो. वस्तुतः साठ शॉटसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट. सरावात दहापैकी तीन-चार वेळा हेतुपुरस्सर हात खाली आणावा, म्हणजे स्पर्धेत तो आणताना लाज वाटत नाही.

छर्ऱ्यांचा सराव सुरू झाल्यावरही काही दिवस फलकाची कोरी पाठ समोर लावून छर्रे एकत्र पडतात काय, हे पाहावे. पुंजका घट्ट असेल पण मध्यापासून दूर असेल तर दोष खाचेच्या जुळणीचा आहे, ती दोन खटक्यांत दुरुस्त होते. पुंजकाच विखुरला असेल तर खाच फिरवून काही साधत नाही. याच्या जोडीला प्रत्येक शॉटनंतर पडद्याकडे पाहण्याआधी तो कोठे लागला असेल ते मनाशी सांगावे व वहीत टिपावे. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळू लागले म्हणजे खेळाडूची नजर माशीवर टिकू लागली असे समजावे.

पंचवीस मीटरचे तीन सेकंद

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात चाप एक किलोचा असतो, म्हणजे जवळजवळ शस्त्राच्या वजनाइतका. पहिले तीस शॉट सावकाश, पाच मिनिटांत पाच याप्रमाणे मारावयाचे असतात. पुढचे तीस जलद. हात ४५ अंशांत खाली असतो, हिरवा दिवा लागतो, तीन सेकंदांत हात उचलून एक शॉट मारावयाचा आणि सात सेकंदांनी पुन्हा तेच. दहा गुणांचे वर्तुळ येथे शंभर मिलिमीटरचे असल्यामुळे जागा पुष्कळ असते. कमी असतो तो वेळ. हात वर पोहोचल्यावर चाप ओढण्यास आरंभ करणाऱ्याचे गणित चुकते. हात चढत असतानाच चापाचा पहिला भार घेतला गेला पाहिजे आणि नजर लक्ष्याच्या खालून चढणाऱ्या माशीसोबत वर आली पाहिजे. यासाठीही ड्रायचाच आधार आहे. सोबत्याने घड्याळ पाहून ‘सुरू’ आणि ‘थांबा’ म्हणावे, आरंभी पाच सेकंद द्यावेत, मग चार, मग तीन. खेळाडूने तिसऱ्या सेकंदाची वाट पाहू नये. सव्वादोन-अडीच सेकंदांच्या सुमारास रोज एकाच ठेक्यावर चाप मोडत गेला, की घड्याळ नसलेल्या घरच्या भिंतीसमोरही तो ठेका हाताला सापडतो.

२०१८ च्या त्या आशियाई अंतिम फेरीत राही सरनोबत व थायलंडची प्रतिस्पर्धी यांची पन्नास शॉटनंतर चौतीस-चौतीस अशी बरोबरी झाली. पाच शॉटची निर्णायक फेरी झाली, तीही चार-चार अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या निर्णायक फेरीत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला.