शीर्षपट्टी, लग्नपत्रिका आणि आपला इतिहास

इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथ उभे राहतात. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीच धरू दिली नाही, त्याचा इतिहास केवळ ग्रंथांत शोधून भागत नाही. तो वृत्तपत्रांच्या शीर्षपट्टीत, हँडबिलांत आणि लग्नपत्रिकांतही आहे. आज जिला ग्राफिक डिझाइन म्हणतात, ती मांडणीची कला आपल्या चळवळीने फार पूर्वीच हाताळली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता, तर ३ एप्रिल १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या. ही नुसती सजावट नव्हती. संतांच्या शब्दांवर आमचाही हक्क आहे, हे अग्रलेखाकडे वळण्यापूर्वीच वाचकाला दिसे. पुढे १९३० मध्ये ‘जनता’ आले व ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध : छत्तीस वर्षांची वाटचाल चार शीर्षकांत मावते. आपल्या नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी तर त्याही आधी, १९१० साली, ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढले होते. त्यांची आठवण मात्र आपल्याकडे क्वचितच निघते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने घराघरांतील लग्नपत्रिका बदलली. माथ्यावरचा गणपती गेला. तथागत आणि बाबासाहेबांची चित्रे आली, ‘नमो बुद्धाय’, ‘जय भीम’ आले. धर्मांतर कोणत्या घरी केव्हा रुजले, हे पत्रिकेइतके स्पष्ट दुसरा कोणता कागद सांगेल? शिवाय तीत गावे, नाती, निमंत्रकांची नावे असतात. खिळे जुळवून छापलेली जुनी पत्रिका ट्रंकेत पन्नास वर्षे टिकते. आजची मोबाईलवर येते आणि मोबाईलबरोबरच जाते. घर पाडताना जुने कागद रद्दीत जातात, ते वेगळेच.

विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे. जुन्या कागदाच्या तळाशी छापखान्याचे नाव पाहावे. १८६७ च्या कायद्याने ते छापणे बंधनकारक होते, त्यावरून ठिकाण व काळ यांचा अंदाज बांधता येतो. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. लॅमिनेशन मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. कागद कोणाच्या घरचा, हे मागे पेन्सिलीने हलकेच लिहावे आणि घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवरच त्यांना विचारून लिहावे.