नोकरी की माणसं जोडायचा धंदा?



बारावीचा निकाल लागला की पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडची आपली पोरं-पोरी छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. कुणी विद्यापीठात, कुणी कॉलेजात, कुणी पोलीस भरतीच्या क्लासला. खोलीभाडं, मेस, फी, सगळं धरलं तर घरून आलेल्या पैशात भागत नाही. मग लेकरू म्हणतं, "आई, चार तास कुठं काम मिळतं का बघतो." विचार चांगलाच आहे. पण याच लेकरांवर काही लोक डोळा ठेवून असतात. ते नोकरी देतो म्हणतात आणि उलट लेकरांकडूनच पैसे घेतात. हे पैसे येतात कुठून? बहुतेक वेळा आईकडून. कधी कानातलं गहाण ठेवून, कधी बचत गटाचं कर्ज उचलून. म्हणून आजचं बोलणं तुमच्याशी.

आधी हे जाळं कसं टाकतात ते बघू. सुरुवात अनोळखी माणसापासून क्वचितच होते. फोन येतो तो शाळेतल्या जुन्या मित्राचा, गावातल्या मुलाचा, नाहीतर चुलत-मावस भावाचा. "आमच्या ऑफिसात जागा निघालीय. पॅकिंगचं काम आहे, पंधरा-वीस हजार पगार, राहायची सोय आहे. लगेच ये." कंपनीचं नाव विचारलं तर म्हणतो, "आल्यावर सांगतो."

तिथं गेल्यावर पॅकिंग नसतं, हिशेबाचं काम नसतं. असतो एक हॉल. टाय लावलेली पोरं टाळ्या वाजवत असतात. कुणी गाडीचा फोटो दाखवतं, कुणी लाखाचा चेक. दोन-तीन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत हेच ऐकवतात. मग सांगतात, "आधी इतके हजार भर, तुला सामान मिळेल." सामान म्हणजे कापड, पावडरीचे डबे, नाहीतर मोबाईलवरचा एखादा कोर्स. आणि वर एक ताकीद देतात, "घरी आत्ताच काही सांगू नको. घरच्यांना हे कळत नाही, ते तुला मागं ओढतील." सख्यांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. खरी नोकरी आईपासून लपवायला कुणी सांगत नाही.

पैसे भरले की मुलाच्या हातात वही देतात आणि ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहायला लावतात. खरं काम इथून सुरू होतं. आता त्यानं याच माणसांना फोन करायचे, "आमच्या ऑफिसात जागा निघालीय." म्हणजे ज्या शब्दांनी तो फसला, तेच शब्द तो दुसऱ्याला सांगतो. पगार नसतोच. नवा माणूस पैसे भरतो, त्यातला थोडा वाटा आणणाऱ्याला मिळतो आणि बाकीचा वर जातो.

"पण कुणाला तरी पैसे मिळतातच ना?" असं तुम्ही विचाराल. मिळतात, वरच्या थोड्यांना. बाकीच्यांना का मिळत नाहीत, ते घरच्या हिशेबानं बघू. समजा, एकानं पाच माणसं आणली. त्या पाचांनी प्रत्येकी पाच आणली, झाली पंचवीस. मग सव्वाशे, मग सहाशे पंचवीस. असं करत नवव्या थराला साडेएकोणीस लाख माणसं लागतात आणि दहाव्या थराला साडेसत्त्याण्णव लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे ३७ लाख. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरले तरी माणसं पुरायची नाहीत. आणखी एक बघा. ही साखळी कुठल्याही थराला थांबली, तरी शंभरातली ऐंशी माणसं सगळ्यात खालच्या थरात असतात. त्यांच्या खाली कुणी नसतं. त्यांचे पैसे गेलेले असतात. आपलं लेकरू कमी पडलं म्हणून हे होत नाही. धंद्याची रचनाच तशी आहे.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. क्यूनेट या नावानं चालणाऱ्या धंद्यावर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं २०१३ साली गुन्हा नोंदवला. वस्तू आणि सहलीची पॅकेजं विकायच्या नावाखाली माणसांची साखळी चालवली, असा आरोप होता. कंपनीनं तो नाकारला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या प्रकरणात अटकपूर्व जामीन नाकारला. फसलेला माणूसच पैशासाठी पुढच्याला फसवतो, अशा अर्थाचं निरीक्षण न्यायालयानं तेव्हा नोंदवलं. नोएडाच्या ईबिझ कंपनीच्या प्रमुखाला हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी ऑगस्ट २०१९ मध्ये अटक केली. तिथं शिक्षणाच्या पॅकेजसाठी १६,८२१ रुपये भरायचे आणि पुढं माणसं जोडायची. विद्यार्थी आणि तरुण त्यात मोठ्या संख्येनं ओढले गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सुमारे १७ लाख लोक त्यात होते.

कायदा काय म्हणतो? घरोघरी जाऊन वस्तू विकणं हा गुन्हा नाही. आपल्या गटातल्या बायाही पापड-मसाले विकतातच. वस्तू चांगली, भाव रास्त आणि कमाई विक्रीवर, तर तो सरळ धंदा. पण कमाई माणसं भरती करण्यावर असेल तर तो गुन्हा आहे. १९७८ च्या कायद्यानं अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारनं थेट विक्रीचे नियम काढले, त्यातही माणसांच्या अशा साखळीला बंदी आहे. बंदी फक्त योजना चालवणाऱ्याला नाही. त्यात सभासद होणं आणि सामील होणं हेही याच कायद्यात मना आहे. म्हणून मुलानं पुढं एकही माणूस जोडू नये, हे त्याला नीट समजावून सांगा.

नोकरीचा निरोप आला की लेकराला पाच प्रश्न विचारा. कंपनीचं नाव आणि पत्ता काय? रोजचं काम नेमकं कोणतं? पगार कोण देणार, किती तारखेला? नेमणुकीचं पत्र कागदावर मिळेल का? आणि पाचवा, सगळ्यात मोठा प्रश्न: आपल्याला आधी पैसे भरायचे आहेत का? माणसं आणायची आहेत का? या पाचव्याचं उत्तर 'हो' आलं, तर पहिली चार उत्तरं कितीही गोड असोत, जाऊ देऊ नका. नोकरीत पैसे मालक देतो, आपण नाही.

आणि पैसे आधीच भरले असतील तर? आधी लेकराला जवळ घ्या. "तुला अक्कल नाही" म्हणालात तर ते फोन बंद करेल आणि तिथंच अडकून पडेल. लाजेपोटी कितीतरी मुलं 'पैसे वसूल करूनच घरी जाईन' म्हणतात आणि आणखी दहा जणांना ओढतात. त्याला सांगा, "पैसे गेले तर गेले, तू घरी ये."

मग पावती, पैसे पाठवल्याची नोंद, मोबाईलवरचे मेसेज, ऑफिसचा पत्ता, सगळं जपून ठेवा. काही पुसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात. ग्राहक म्हणून तक्रार १९१५ वर सांगता येते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ओळखीत फसलेले आणखी असतील तर एकत्र जा. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत ठराव लिहा: मुलाच्या नोकरीसाठी पैसे भरायला कर्ज मागितलं, तर ते पाच प्रश्न बैठकीत सगळ्यांसमोर विचारायचे आणि मगच पैसे द्यायचे. कुणाला अपमान वाटायचं कारण नाही, नियम सगळ्यांना सारखा. आणि गावातला कुणी "शहरात या, जागा निघालीय" म्हणत आला, तर त्याला एकट्यात भेटू नका. गटाच्या बैठकीलाच बोलवा. खरं काम असेल तर तो दहा बायांसमोर सांगेल.