टाच मोकळी, पाऊल सावध

कोटरा सुल्तानाबादच्या मराठी घरांत थंडी येते ती मोठ्या तळ्यावरच्या वाऱ्याबरोबर आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर. बर्फाशी भोपाळकरांचा संबंध एरवी उसाच्या रसापुरताच! तथापि घरातील एखादी मुलगी गुलमर्गचा अथवा औलीचा स्कीचा अभ्यासक्रम पुरा करून परतते आणि म्हणते, “आता पाळण्यात बसून वर जायचे नाही, स्वतःच्या पायांनी डोंगर चढून, जिथे आखलेली वाट नाही तिथून उतरायचे आहे.” अशा वेळी आईवडिलांपुढे एक अपरिचित प्रश्न उभा राहतो. स्की आणि बूट यांची चर्चा पुष्कळ होते. पण त्या दोहोंना जोडणारे जे तळहाताएवढे यंत्र, ज्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात, त्याचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक तो सर्वांत आधी व्हावयास हवा.

बाइंडिंगचे दोन मुख्य पंथ आहेत. नेहमीच्या अल्पाइन पद्धतीत बुटाची टाच आणि चवडा दोन्ही स्कीला जखडलेली असतात. टेलीमार्क पद्धतीत केवळ चवडा बांधलेला असतो, टाच मोकळी. आजोबांच्या खडावा आठवाव्यात. खुंटी अंगठ्याजवळ, टाच आपली वर-खाली होणारी. चढताना ही मोकळी टाच फार उपकारक ठरते. स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेली पट्टी चिकटवली, की स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, आणि माणूस चालत चालत शिखर गाठतो. उतरताना मात्र पुढचा गुडघा वाकवून, मागची टाच उचलून, जणू एक गुडघा टेकल्यासारखे वळावे लागते. हेच ते टेलीमार्क वळण.

हे नाव नॉर्वेतील एका प्रांताचे. तेथील मोर्गेदाल गावी १८२५ साली जन्मलेल्या सोन्द्रे नोरहाइम या गरीब शेतकऱ्याने झाडाच्या लवचीक फांद्या पिळून टाचेमागून बांधण्याची युक्ती रूढ केली, आणि १८६८ साली राजधानीतील स्पर्धेत आपले कौशल्य दाखवून लोकांना थक्क केले. पुढे १९२७ साली ब्रोर विथ या नॉर्वेजियनाने लोखंडी चिमट्याचे बाइंडिंग बनवले. त्याचे नाव ‘रोट्टेफेला’, म्हणजे उंदराचा सापळा! बुटाच्या पुढे आलेल्या चपट्या चोचीत तीन खिळे बसत. या चोचीची रुंदी ७५ मिलिमीटर, आणि हेच माप पुढे प्रमाण ठरले. अल्पाइन पद्धतीच्या रेट्यात मागे पडलेले हे वळण १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोराडोच्या तरुणांनी पुन्हा उचलून धरले.

आज निवड करू पाहणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पहिली ७५ मिलिमीटरची जुनी वाट. हे बाइंडिंग साधे असते. चोचीला पकड आणि टाचेमागून तारेचा वेढा, एवढाच त्याचा पसारा. बिघडले तर पेचकस आणि तार यांवर काम भागते. दुसरी २००७ साली आलेली ‘एनटीएन’ पद्धत. हिच्यात चोच नाही; बुटाच्या तळव्याखाली असलेल्या दुसऱ्या टाचेसारख्या उंचवट्याला पकड बसते आणि वळताना स्कीवर ताबा अधिक राहतो. तिसरी वाट मिश्र. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या, बुटाला दोन्ही बाजूंनी पिनांनी धरणाऱ्या हलक्या पकडीला टेलीमार्कची स्प्रिंग जोडलेली. यांतले प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक बुटाला बसत नाही. म्हणून आधी पायाला नीट बसणारा बूट आणि मग त्याला साजेसे बाइंडिंग, हा क्रम मोडू नये.

निवड करताना पहिली कसोटी चढाची. काही बाइंडिंगांत चढतानाही प्रत्येक पावलाला स्प्रिंग ताणावी लागते. काहींत एक खटका फिरवला की पाऊल बिजागरीसारखे मोकळे फिरते. डोंगरयात्रेसाठी दुसरेच घ्यावे. वजनाचाही हिशेब मांडावा. दर पायाला २०० ग्रॅम जादा आणि दर पायाची ५००० पावले, म्हणजे दिवसाकाठी प्रत्येक पायाने १००० किलोचे जादा ओझे टप्प्याटप्प्याने पुढे नेले!

दुसरी कसोटी याहून गंभीर आहे. पडल्यावर पाय सुटेल काय? घोडा उधळला आणि रिकिबीत पाय अडकला तर स्वार फरफटत जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. अल्पाइन बाइंडिंग ठरावीक जोराला सुटते आणि तो जोर आकड्यांनी लावता येतो. टेलीमार्कची साधी बाइंडिंगे मुळीच सुटत नाहीत. काही सुटतात, पण बहुतेकांना तशी प्रमाणित हमी नसते. मोकळ्या टाचेमुळे गुडघ्यावरचा ताण काहीसा कमी होतो हे खरे, परंतु हिमस्खलनात न सुटणारी स्की नांगरासारखी माणसाला बर्फाखाली ओढते.

हे भय पुस्तकी नाही. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, तर तेथील पाळणा २००५ पासून अफरवटच्या कुशीत सुमारे ३९५० मीटरपर्यंत जातो. त्या उतारांजवळच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले. अशा डोंगरात जाणाऱ्याने सुटणारे बाइंडिंग, सुटलेली स्की थांबवणारा ब्रेक, हिमाखालील माणसाचा शोध घेणारे संदेशयंत्र, फावडे आणि शोधकाठी यांवाचून पाऊल टाकू नये. आणि ही साधने वापरता येणारा सोबती असावा, हे तर सर्वांआधी.

मग मोकळ्या टाचेचा अट्टाहास कशासाठी? सपाट आणि लांब वाटांवर तिला तोड नाही. २००९ च्या डिसेंबरअखेर रीना कौशल धर्मशक्तू या सुमारे ९०० किलोमीटर स्कीवरून चालत दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या, तिथपर्यंत स्कीवरून जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एवढा दीर्घ पल्ला जखडलेल्या टाचेने कसा तुटणार? शिवाय टेलीमार्क वळणाची लय ज्याच्या गुडघ्यात एकदा शिरली, त्याला इतर वळणे कोरडी वाटतात.

तेव्हा पालकांनी नकार देऊ नये, घाईही करू नये. ज्याला केवळ डोंगर चढून उतरायचे आहे आणि टेलीमार्क वळणाची ओढ नाही, त्याने चढताना टाच सोडणारे व उतरताना बांधणारे अल्पाइन टूरिंग बाइंडिंग घ्यावे. त्यात सुटण्याची सोय अधिक भरवशाची असते. ज्याला टेलीमार्कच शिकायचे आहे, त्याने एक-दोन हंगाम पाळण्याच्या आखलेल्या उतारांवर, भाड्याच्या किंवा उसन्या साहित्यावर गुडघे तयार करावेत, आणि मग सुटणारे, चढाला मोकळे फिरणारे बाइंडिंग विकत घ्यावे. ते भोपाळच्या दुकानात हाती धरून पारखता येईल अशी आशा धरू नये. मागवताना बुटाची पद्धत व माप दोनदा तपासावे, आणि स्कीला भोके पाडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. चुकीचे भोक बुजवता येते. पण त्या जागी स्की पहिल्याइतकी पक्की राहीलच असे नाही.

मराठीत ‘पायबंद’ हा शब्द अटकावासाठी वापरतात. डोंगरात पाय बांधावा लागतो हे खरे. मात्र वेळ येताच सोडणारा बंध कोणता, हे घरीच, दिव्याखाली बसून ठरवून निघालेले बरे.